जॉर्जियन काळातलं ब्रुअरचं घर: पाहणी आणि दुरुस्ती करताना या चुका टाळा

लंडनच्या ब्रिक लेनवर ट्रूमन ब्रुअरी या जुन्या बिअर-कारखान्याच्या आवारात मालकाचं (ब्रुअरचं) अठराव्या शतकातलं, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या ‘जॉर्जियन’ काळातलं घर आजही उभं आहे. १७५० साली सॅम्युअल व्हिटब्रेडनं बिअरचा कारखाना चिझवेल स्ट्रीटवर आणला, तेव्हा त्याचं राहतं घरही कारखान्याला लागूनच होतं. अशा घराच्या पाठीमागे पिंपं, घोडे, धूर आणि सतत पाण्याचा वापर. नुसती हवेली समजून या घराकडे पाहिलं की निदान चुकतं.

पहिली चूक म्हणजे दर्शनी भिंतीवरून वय ठरवणं. जुन्या घराला विटांचा नवा दर्शनी भाग चढवण्याची तेव्हा रीतच होती. मागची भिंत, तळघर, जिना आणि छपराची लाकडं पाहिल्याशिवाय साल सांगू नका. खिडक्या थोडी मदत करतात. लंडनमध्ये १७०९ च्या कायद्यानं खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत घ्यायला लावली आणि १७७४ च्या कायद्यानं सॅश खिडकीची, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या झडपांच्या खिडकीची, दोऱ्या-वजनं असलेली लाकडी पेटी विटांमागे दडवायला लावली. पण हे नियम लंडनचे. गावोगावी जुनी पद्धत पुढेही चालू राहिली.

बुजलेली खिडकी दिसली की ‘खिडकी-कर चुकवला’ असं लगेच म्हटलं जातं. हा कर १६९६ ते १८५१ पर्यंत होता हे खरं, पण मागे धुराडं असूनही दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसावी म्हणून कित्येक खिडक्या मुळातच आंधळ्या बांधल्या गेल्या. आतल्या विटा आजूबाजूच्या विटांत गुंतलेल्या असतील तर ती मुळातलीच. कडेला सरळ उभी फट दिसली तर नंतर बुजवलेली.

सगळ्यात महागात पडणारी चूक सिमेंटची. या भिंती मऊ विटांच्या आणि चुन्याच्या. भिंतीत शिरलेलं पाणी विटांमधल्या चुन्याच्या दरजांतून (सांध्यांतून) बाहेर पडतं. दरजा सिमेंटनं भरल्या की ती वाट बंद होते, पाणी विटेतून निघू लागतं, आणि थंडीत ते गोठलं की विटेचा चेहराच पोपड्यासारखा सुटतो. दरज शाबूत, वीट मात्र खोलगट, असं दृश्य दिसलं की कारण हेच. आपल्याकडच्या वाड्यांच्या भिंतीही अशाच खराब होतात.

दरजा भरायच्या तर आधी सुटलेला मसाला हातोडी-छन्नीनं काढा. ग्राइंडर लावू नका, विटांच्या कडा कापल्या जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट, साधारण २० ते २५ मिमी. भिंत आधी भिजवा. एक भाग चुना, तीन भाग धारदार (टोकेरी कणांची) वाळू. दरज विटेच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवा. मसाला अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा पडेनासा झाला की ताठ ब्रशनं ठोका. मग ओलं गोणपाट टाकून काही दिवस ऊन-वाऱ्यापासून जपा. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम सुरूच करू नका. खिडकीवरच्या कमानीत घासून बसवलेल्या विटांमधली दरज दोऱ्याएवढी बारीक असते. तिला हात लावू नका.

तबेल्यालगतच्या भिंतीत ओल दिसली तर तिथे लगेच ओल थांबवणारं रसायन भिंतीत टोचून घेऊ नका. घोड्यांच्या मुतातले क्षार विटेत मुरलेले असतात, ते हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि ओलावा मोजणारं विजेचं यंत्र उगाच मोठा आकडा दाखवतं. भिंतीतून नमुना काढून क्षार तपासून घ्या. तळघराला आतून सिमेंटचा गिलावा केला तर ओल जात नाही, वरच्या भिंतीत चढते. आधी बाहेरची जमीन घराच्या फरशीपेक्षा १५० मिमी खाली आहे का, हवेची भोकं मोकळी आहेत का, हे पाहा.

वरच्या मजल्याच्या छताला डाग पडला की बहुतेक वेळा दोष छपराच्या कठड्यामागच्या शिशाच्या पन्हळीचा असतो. सलग लांब पत्रा घातला तर उन्हात ताणून फाटतो. तो तुकड्यांत, प्रत्येक सांध्याला साधारण ५० मिमीची पायरी ठेवून बसवावा लागतो. वर्षातून दोनदा पालापाचोळा काढा. गळती चालू राहिली की तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात आणि ते बाहेरून दिसतही नाही.

सॅश खिडकी अडली म्हणून बदलू नका. बहुधा रंगाचे थर चिकटलेले असतात किंवा दोरी तुटलेली असते. नवी दोरी घालताना झडप काचेसकट वजन करून पाहा. वरच्या झडपेची दोन वजनं मिळून झडपेपेक्षा किंचित जड हवीत, खालच्या झडपेची किंचित हलकी, म्हणजे दोन्ही झडपा नीट मिटतात. दुहेरी काच घातली की हा तोल बिघडतो. घर वारसा यादीत असेल तर अशा बदलाला परवानगीही लागते. परवानगीविना केलेला बदल इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे, अगदी आतल्या जिन्यातला असला तरीही.