साप चावलेला रुग्ण दवाखान्यात आल्यावर: प्रतिविष कधी द्यायचं, किती द्यायचं, कधी थांबायचं

साप चावलेल्या माणसाला घेऊन आलेले नातेवाईक सगळ्यात आधी साप कसा होता ते सांगू लागतात. कुणी मोबाइलवरचा फोटो पुढे करतं, कुणी पिशवीत मेलेला साप आणलेला असतो. ऐकून घ्या, फोटो बघा, पण निर्णय त्यावर सोडू नका. कवड्या आणि मण्यार यांच्यात भलेभले गोंधळतात, डुरक्या घोणशीला घोणस समजलं जातं आणि धामण नाग म्हणून मारली जाते. शिवाय आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. साप ओळखला म्हणून औषध बदलत नाही. औषध द्यायचं की नाही हे ठरतं ते रुग्णाच्या अंगावरच्या लक्षणांवरून. आणि हो, पिशवीतल्या सापाला हात लावू नका. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं.

हे लिहिलं आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि सिस्टरांसाठी. घरी ज्याला साप चावला त्याच्यासाठी सूचना एवढीच: चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून न हलवता ठेवा, अंगठी, जोडवी, पैंजण काढा, चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका आणि १०८ ला फोन करा.

पहिली दहा मिनिटं

श्वास, नाडी, रक्तदाब. रुग्ण बोलतोय का, थुंकी गिळतोय का, हे त्याच्याशी बोलता बोलताच कळतं. सलाइनची सुई न चावलेल्या हाताला लावा आणि त्याच वेळी रक्त काढून घ्या. ज्यांचं रक्त गोठत नाही त्यांना जितकं कमी टोचाल तितकं बरं. सुजेच्या वरच्या कडेला पेनाने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. दर अर्ध्या तासाने नवी रेघ मारा. सूज चढतेय की थांबली, हे रेघांवरून सगळ्यांना दिसतं आणि पाळी बदलली तरी अंदाज चुकत नाही.

बऱ्याचदा रुग्ण येतो तो मांडीला सुतळी किंवा ओढणी करकचून बांधलेल्या अवस्थेत. ती आल्या आल्या कापू नका. बंधाच्या खाली अडकलेलं विष एकदम सुटलं की मिनिटांत श्वास बंद पडू शकतो. आधी सलाइन चालू करा, प्रतिविष आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवा, बंधाखाली नाडी लागते का बघा आणि मग हळूहळू सैल करा.

काचेची नळी

तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची प्रयोगशाळेतली तपासणी, कोण करून देणार? म्हणून २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. शिरेतलं २ मिली रक्त नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं. नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा जागेवर राहिला तर गोठलं. पाण्यासारखं वाहिलं तर गोठलेलं नाही, आणि आपल्या भागात याचा अर्थ बहुतेक वेळा घोणस किंवा फुरसं.

चाचणी साधी दिसते, म्हणूनच चुकते. रक्त गोठायला सुरुवात होते ती काचेला लागल्यावर. प्लास्टिकच्या नळीत ती सुरुवात नीट होत नाही. साबणाने धुतलेल्या काचेवर साबणाचा थर राहिला तरी तेच होतं. दोन्ही वेळा निरोगी माणसाचं रक्तसुद्धा पातळ दिसतं आणि गरज नसताना प्रतिविषाच्या दहा व्हायल (कुप्या) जातात. दुसरी चूक उत्सुकतेची: दर पाच मिनिटांनी कुणीतरी नळी उचलून हलवून बघतं. तिसरी चूक, वेळ न लिहिणं. नळीवर चिकटपट्टी लावा, रक्त घातल्याची वेळ लिहा, कपाटात किंवा खिडकीच्या आत अशा जागी ठेवा की जाता-येता धक्का लागणार नाही. शंका आली तर सोबत आलेल्या निरोगी नातेवाइकाचं २ मिली रक्त त्याच खोक्यातल्या दुसऱ्या नळीत घ्या. त्याचंही गोठलं नाही तर दोष नळीत आहे.

पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणून सुटलो असं नाही. पहिले तीन तास दर तासाला आणि त्यानंतर २४ तासांपर्यंत दर सहा तासांनी चाचणी पुन्हा करा.

प्रतिविष कधी

नुसते दातांचे व्रण दिसले म्हणून प्रतिविष देऊ नका. कित्येक दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि त्याची रिअॅक्शन जिवावर बेतू शकते. नातेवाइकांचा आग्रह समजण्यासारखा आहे. त्यांना नळी दाखवा, रेघ दाखवा, आपण कशाची वाट बघतोय ते सांगा.

द्यायचं ते यांपैकी काही दिसलं तर: नळीत रक्त गोठत नाही किंवा हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येतंय, पापण्या जड होतायत, दोन-दोन दिसतंय, गिळता येत नाही, बंध नसताना सूज चावलेल्या हाताच्या किंवा पायाच्या अर्ध्याच्या वर गेली आहे किंवा झपाट्याने चढतेय, रक्तदाब कोसळलाय, लघवी बंद होत चालली आहे. यातलं एखादं दिसलं की मग वाट बघायची नाही.

कसं द्यायचं

सुरुवात १० व्हायलने. लहान मुलालाही दहाच, गरोदर बाईलाही दहाच. साप समोरच्याचं वय बघून विष कमी सोडत नाही. फरक फक्त सलाइनच्या प्रमाणात: वजनाच्या दर किलोमागे ५ ते १० मिली, आणि मुलांमध्ये जितकं कमी जमेल तितकं.

प्रत्येक व्हायलमध्ये सोबतचं १० मिली निर्जंतुक पाणी घालून तळहातावर हळू फिरवा. जोरात हलवलं की फेस येतो आणि प्रथिनं खराब होतात. विरघळायला वेळ लागतो, म्हणून निर्णय झाला की दोघीजणींनी बसून एकदमच दहाही व्हायल तयार करायला घ्या. एक एक करत गेलात तर अर्धा तास तिथेच जातो. सगळं सलाइनमध्ये घालून साधारण तासाभरात शिरेतून द्यायचं. दंशाच्या जागी टोचायचं नाही, स्नायूत द्यायचं नाही. आणि कातडीत थेंबभर टोचून बघण्याची 'टेस्ट' करायची नाही. त्यावरून रिअॅक्शन येणार की नाही हे कळत नाही, वेळ मात्र जातो.

ड्रिप सुरू करण्याआधी एका सिरिंजमध्ये अॅड्रेनॅलिन भरून उशाशी ठेवा: मोठ्यांसाठी १:१००० चं ०.५ मिली, मुलांसाठी दर किलोला ०.०१ मिलीग्रॅम. पहिला तास कुणीतरी रुग्णाजवळून हलायचं नाही. रिअॅक्शनची सुरुवात किरकोळ वाटते. खाज सुटते, मानेवर किंवा पोटावर एखादी गांध उठते, कोरडा खोकला येतो, मळमळतं. एवढं दिसलं की ड्रिप बंद आणि अॅड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ५ ते १० मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही अॅलर्जीवरची औषधं देऊन 'बघू या' म्हणणं. ती औषधं नंतरची. श्वासनलिका आवळत असताना जीव वाचवतं ते अॅड्रेनॅलिन.

रुग्ण सावरला की प्रतिविष पुन्हा चालू करायचं, आधी १०-१५ मिनिटं संथ आणि मग नेहमीच्या वेगाने. रिअॅक्शन आली म्हणून उरलेल्या व्हायल फेकून देऊ नका, विष अंगात तसंच आहे. एक-दोन तासांनी हुडहुडी भरून ताप आला तर पॅरासिटामॉल आणि पांघरूण.

पुढचे सहा तास

रक्त न गोठणाऱ्या रुग्णाला दहा व्हायल दिल्यावर दोन तासांनी नळी पुन्हा पातळ दिसते आणि हात आपोआप पुढच्या दहाकडे जातो. थांबा. प्रतिविषाने विष निकामी झालं असलं तरी संपलेले गोठण्याचे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात, आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून पुढची चाचणी सहा तासांनी. तेव्हाही रक्त पातळ असेल तर आणखी ५ ते १० व्हायल. असं करत एकूण ३० च्या पुढे सहसा जावं लागत नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात एक गोष्ट लक्षात ठेवा: हिरव्या चापड्याच्या विषावर हे प्रतिविष बनलेलंच नाही. व्हायलमागून व्हायल ओतूनही काहीच फरक दिसत नसेल तर हा विचार मनात यायला हवा.

या काळात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, अॅस्पिरिन नको. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, लागलं तर ट्रॅमाडॉल. धनुर्वाताचं इंजेक्शन रक्त गोठायला लागल्यावर. सूज टच्च झाली म्हणून घाईने चिरा घ्यायला पाठवू नका. रक्त गोठत नसताना केलेल्या त्या चिरेतून होणारा रक्तस्राव आवरत नाही. घोणशीच्या रुग्णाची लघवी तासातासाला मोजा. ती कमी झाली किंवा काळपट-लाल आली तर डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयाशी लगेच बोला, सकाळची वाट नको.

मण्यार

हा साप चावल्याचं कळतच नाही, म्हणून त्यावर वेगळं लिहायला हवं. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दुखत नाही, सूज नाही, व्रणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरल्यासारखा होतो, आणि रुग्ण पित्ताचं इंजेक्शन घेऊन घरी जातो. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला एक प्रश्न विचारा: रात्री कुठे झोपला होता? आणि त्याच्या पापण्या बघा.

पापण्या बघायच्या त्या अशा: डोकं स्थिर ठेवून मिनिटभर वर बघायला सांगा. थकवा असेल तर पापण्या हळूहळू खाली सरकतात. मग उशीवरून डोकं उचलायला सांगा. एका श्वासात आकडे म्हणायला लावा आणि कितीपर्यंत पोहोचला ते लिहून ठेवा. मागच्या वेळी २५, आता १२, म्हणजे श्वासाचे स्नायू हरतायत. ऑक्सिमीटरचा आकडा पडायला लागतो तो बराच उशिरा, त्याच्या भरवशावर राहू नका. तोंडात लाळ साचत असेल तर कुशीवर झोपवा आणि सक्शन जवळ ठेवा.

प्रतिविषाच्या दहा व्हायल सुरू करा. सोबत अॅट्रोपिन ०.६ मिलीग्रॅम आणि मग निओस्टिग्मिन १.५ मिलीग्रॅम शिरेतून. मुलांसाठी अॅट्रोपिन दर किलोला ०.०५ आणि निओस्टिग्मिन ०.०४ मिलीग्रॅम. त्यानंतर दर अर्ध्या तासाने निओस्टिग्मिन ०.५ मिलीग्रॅम अॅट्रोपिनसह. नागाच्या विषात याने पापण्या डोळ्यांदेखत उघडतात. तीन डोसांनंतरही फरक नसेल तर बहुधा मण्यार आहे, हे औषध बंद करा. नागाचं विष मज्जातंतूच्या संदेशाची वाट अडवतं. मण्यारीचं विष तंतूंची टोकंच नासवतं. ती पुन्हा वाढायला दिवस लागतात. त्यामुळे तासाभराने लक्षणं वाढत असतील तर आणखी दहा व्हायल, आणि वीसनंतर थांबायचं. त्यापुढचा उपचार म्हणजे श्वास चालू ठेवणं. श्वासनलिकेत नळी घालून, व्हेंटिलेटर नसेल तर अंबू बॅगने, आळीपाळीने, लागतील तितके तास.

हे करत असताना एक गोष्ट सगळ्या वॉर्डला सांगून ठेवा. पूर्ण लुळा पडलेला, डोळे न उघडणारा, बाहुल्यासुद्धा न हलणारा हा माणूस शुद्धीवर असू शकतो. त्याला सगळं ऐकू येत असतं. बाहुल्या स्थिर आहेत म्हणून 'गेला' म्हणू नका, आणि त्याच्या उशाशी उभं राहून नातेवाइकांना तसं सांगू तर मुळीच नका.

पाठवायचं झालं तर

पहिला डोस चालू केल्याशिवाय मोठ्या रुग्णालयात पाठवू नका. पापण्या पडलेल्या रुग्णासोबत गाडीत अंबू बॅग आणि ती दाबता येणारा माणूस हवाच. रुग्ण दगावतात ते रस्त्यात, श्वास थांबल्यावर. चिठ्ठीवर लिहा: दंशाची वेळ, पहिल्या लक्षणाची वेळ, नळीचे निकाल वेळांसह, किती व्हायल कधी दिल्या, रिअॅक्शन आली का, निओस्टिग्मिनचे किती डोस झाले आणि शेवटची लघवी कधी. निघण्याआधी पुढच्या डॉक्टरांना फोन करा.

काहीच लक्षण नसलेल्यालाही २४ तास ठेवून घ्या, आणि रात्री उठवून पापण्या बघा. प्रतिविष मिळालेल्या प्रत्येकाला घरी सोडताना सांगा की साधारण आठवड्याभराने ताप, सांधेदुखी किंवा अंगभर खाज सुटली तर परत यायचं. ती घोड्याच्या प्रथिनांवरची उशिरा येणारी प्रतिक्रिया असते आणि पाच-सात दिवसांच्या गोळ्यांनी बरी होते. डिस्चार्ज कार्डावर 'प्रतिविष दिलं' एवढं लिहून भागत नाही. किती व्हायल आणि रिअॅक्शन आली होती की नाही हेही लिहा, कारण त्याच शेतात तो पुन्हा कामाला जाणार आहे.