गोळीची आठवण फोन उघडल्यावरच वाजायची, त्यावर सापडलेला उपाय

आईच्या रक्तदाबाच्या गोळीसाठी तिच्या अँड्रॉइड फोनमध्ये आठवण देणारं ॲप टाकलं होतं. सकाळी आठला ते गप्प. साडेनऊला तिने स्क्रीन उघडली की त्याच क्षणी टण्णकन वाजायचं. आवाज वाढवला, फोन बंद-चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं, फरक शून्य. गोळ्या चुकत होत्या, जीव टांगणीला लागला होता.

कारण असं, की स्क्रीन बराच वेळ बंद राहिली की बॅटरी वाचवायला फोन ॲप्सना झोपवतो.

ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरलं, 'ॲप इन्फो' उघडलं. आधी 'बॅटरी'त जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडलं. एवढ्याने आठवण वाजू लागली, पण दहा-बारा मिनिटं उशिरा. मग त्याच पानावर खाली 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' चालू केलं. अँड्रॉइड 12 पासून अगदी ठरल्या वेळी वाजण्याची ही परवानगी वेगळी असते आणि खरी मेख इथेच होती. शेवटी 'पॉज ॲप ॲक्टिव्हिटी इफ अनयूज्ड' बंद केलं. काही फोनमध्ये ही नावं थोडी वेगळी दिसतील.

चाचणी मात्र रात्रभर फोन न हलवता ठेवूनच करा. पाच मिनिटांनंतरची आठवण लावून पाहिलं तर हा दोष दिसतच नाही, मी त्यातच दोनदा फसलो.