गणपतीला गावी निघण्याआधी नळांच्या जोडण्या तपासा

कोकणात जायचं म्हटलं की गाडीचं आरक्षण, मखराचं सामान, घरच्यांसाठीचे कपडे यांची यादी महिनाभर आधी तयार होते. मुंबईतल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या इमारतीत राहत असाल तर त्याच यादीत नळांच्या जोडण्याही घाला. निदान पंधरा दिवस आधी, प्लंबर मिळेल अशा दिवशी सकाळीच हे काम काढा.

सुरुवात मुख्य व्हॉल्व्हपासून. तो बाथरूमच्या माळ्यावर किंवा डक्टमध्ये असतो, आणि स्वयंपाकघराची लाइन वेगळी असेल तर तिचा व्हॉल्व्हही वेगळा. जुन्या घरांत गोल चक्रीचा गेट व्हॉल्व्ह सापडेल. वर्षानुवर्षं न फिरवलेला हा व्हॉल्व्ह जाम होतो, अर्धवटच बंद होतो किंवा जोर लावला की दांड्यापाशी गळू लागतो. पाना लावून त्याच्याशी झुंजू नका, सरळ बदलून बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे दांडी पाव फेरी फिरवली की बंद होणारा, बसवून घ्या. घरात एवढा एकच खर्च करणार असाल तर तो इथे करा.

मग टॉर्च घेऊन बेसिन, सिंक, फ्लश टाकी आणि गिझरखाली वाका. घरं भिजतात ती बहुतेकदा या दीड-दोन फुटी कनेक्शन पाइपांमुळे. अर्ध्या इंची पाइप तुटला आणि मिनिटाला दहा लिटर पाणी गेलं असं धरलं, तरी तासाला सहाशे लिटर होतात. खालच्या मजल्यांनी तर जास्तच जपावं, कारण गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली पाण्याचा दाब साधारण एक बारने (बार हे दाबाचं माप) वाढतो. प्लॅस्टिकच्या नटाला बारीक चीर, स्टीलच्या जाळीवर नटाजवळ तांबूस डाग, फुगलेला किंवा कडक झालेला पाइप, यांतलं काहीही दिसलं तर पाइप बदलायचा; टेप गुंडाळून दिवस काढायचे नाहीत. नवा घेताना पितळी नटाचा घ्या आणि आतला रबरी वॉशर नीट बसलाय का पाहा. बाथरूम धुण्याचं ॲसिड या जाळीवर उडू देऊ नका, त्याने स्टीलसुद्धा गंजतं.

जाडजूड दिसणारे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आट्यांपाशी आधी गंजतात, कारण आटे पाडताना तिथला पत्रा पातळ झालेला असतो. सांध्याखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला की जागा कळते. फ्लश टाकीत चिमूटभर हळद टाका, अर्ध्या तासात भांड्यात पिवळं उतरलं तर आतला वॉशर गेलाय. माळ्यावर टाकी असेल तर बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) हाताने वर उचलून पाणी थांबतं का बघा, ओव्हरफ्लोचा पाइप मोकळा करा. नहाणी ट्रॅपची, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या पाणी जाण्याच्या भोकाची जाळीही साफ हवी, म्हणजे गळलंच तर पाणी हॉलकडे न येता तिकडून जाईल.

निघण्याच्या दिवशी गिझर स्विचवरून बंद, वॉशिंग मशीन, फिल्टर आणि जेट स्प्रेचे कॉक बंद, मग मुख्य व्हॉल्व्ह बंद. त्यानंतर एकेक नळ सोडून आतला दाब उतरवा आणि प्रत्येक नळ पुन्हा घट्ट लावा. पाणी नसताना उघडा राहिलेला नळही घर भरवतो. शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना त्यांना व्हॉल्व्हही दाखवून ठेवा.

परतल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या, आणि गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागल्याशिवाय गिझर लावू नका.