हेड बदलल्यावर पाणी गळतंय? पुन्हा हेड उघडण्याआधी या चुका टाळा

हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरचं जाड झाकण, बसवलं, इंजिन चालू केलं आणि खाली पाण्याचे थेंब दिसले, की नव्या पोरांचा हात सरळ पान्याकडे जातो. "गॅस्केट गेलं, उघडा परत." हे ऐकून माझे कान किटले आहेत. (गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक, इंजिनचं मुख्य धड, यांच्यामध्ये दाबून बसवतात ते सील.) पाणी वरून खाली येतं, ओघळ हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर अडतो आणि तिथून टपकतो. दिसतं तिथेच गळतं असं नाही.

मी हे कमिन्सच्या एनटीए 855 या डिझेल इंजिनावरून सांगतोय. सहा सिलिंडर, 14 लिटर, आणि हेडं तीन, म्हणजे एका हेडाखाली दोन सिलिंडर. जनरेटरवर, डंपरवर, क्रेनवर हे इंजिन आपल्याकडे भरपूर चाललंय.

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना नाशिककडच्या एका कोल्ड स्टोरेजच्या जनरेटरची तिन्ही हेडं मी बदलली. चालू केल्यावर अर्ध्या तासात मधल्या हेडाखाली ओल दिसली. आत माल भरलेला, मालक डोक्यावर उभा. मी मधलं हेड उघडलं. गॅस्केट ठणठणीत होतं. तरी नवं टाकलं, चालू केलं, पुन्हा तीच ओल. तीन दिवस गेले. शेवटी टॉर्च घेऊन वरून बघत आलो, तर पाणी वॉटर मॅनिफोल्डच्या, म्हणजे तिन्ही हेडांना जोडणाऱ्या पाण्याच्या नळीच्या, जोडातून येत होतं. तिन्ही हेडं मी सुटी सुटी टाइट केली होती, त्यांची तोंडं एका रेषेत नव्हती. मॅनिफोल्ड ओढून बसवला होता आणि त्याचं सील एका बाजूला दबलंच नव्हतं. चूक संपूर्ण माझी होती, आणि त्या माणसाचे तीन दिवस भाड्याच्या जनरेटरवर गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून हेडं नुसती टेकवून ठेवतो, मॅनिफोल्डच्या बाजूला सरळ पट्टी लावतो, तिन्ही तोंडं पट्टीला लागली की मगच टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि घाईतला माणूस नेमकं हेच गाळतो.

गळती शोधायची तर इंजिन थंड हवं. सगळं धुऊन हवेने कोरडं करा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर जेवढा दाब लिहिलाय तेवढाच भरा आणि अर्धा तास थांबा. मी सांध्यांवर टाल्कम पावडर मारतो, पहिली ओली रेघ लगेच दिसते. काटा उतरतोय पण बाहेर थेंब नाही, तर पाणी आत जातंय. डिपस्टिक बघा, ऑइल दुधाळ झालं असेल तर इंजिन चालवायचंच नाही.

आत जाणाऱ्या पाण्यासाठी या इंजिनात दोन जागा मी आधी धरतो. एक, हेडातली इंजेक्टरची तांब्याची स्लीव्ह, म्हणजे डिझेल फवारणारा इंजेक्टर ज्यात बसतो ती नळी. रिकंडिशन हेड प्रेशर टेस्ट न करता घेतलंत तर ती गळणार हे गृहीतच धरा. दुसरी, लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीची, उंची. लायनर ब्लॉकच्या वर तीन ते सहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हवा. डायल गेज लावून सगळे सहा मोजा, बोटाने चाचपून हे कळत नाही. एक जरी खाली बसला असेल तर नवं गॅस्केटही त्याला दाबून धरणार नाही.

पाणी आत जातंय असा नुसता संशय असला तरी सेल्फ मारू नका. पिस्टनवर पाणी साठलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा.

बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिलं तर टॉर्क खोटा लागतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हवा मारा.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कितीही घाई असो.

बोअरचं पाणी ओतू नका, कूलंट घाला.

हळद किंवा गळती थांबवायची पावडर टाकून इंजिन 'बरं' करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे बंद करा. भोक बुजेल तेव्हा बुजेल, रेडिएटरच्या नळ्या आणि ऑइल कूलर आधी बुजतील. मग तेच इंजिन गरम होऊन आमच्याकडे येतं आणि तेव्हा खर्च दुप्पट झालेला असतो.

आणि पहिल्या दिवशी पातळी उतरली म्हणून घाबरू नका. आत अडकलेली हवा निघते तशी ती उतरतेच. हळू भरा, हवा निघायचे प्लग उघडे ठेवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा भरा. मी हे दोनदा करतो आणि दर वेळी किती लिटर लागलं ते वहीत लिहितो. तिसऱ्या वेळीही भरावं लागलं, तरच प्रेशर टेस्टर लावतो.