लोकशाहीविषयी लोकांना काय वाटते, हे कसे विचारावे

सामान्य नागरिकाचे लोकशाहीविषयीचे मत जाणून घ्यायचे असेल, तर ‘तुम्हाला लोकशाही हवी का?’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. बहुतेक देशांत बहुसंख्य लोक होकारच देतात. मात्र त्या होकारात कोणाला मतदान अभिप्रेत असते, कोणाला निर्भयपणे बोलता येणे, तर कोणाला पोटापाण्याची हमी. म्हणून आधी ‘तुमच्या मते लोकशाही म्हणजे काय?’ असे विचारावे, पर्याय सुचवू नयेत आणि उत्तर त्याच व्यक्तीच्या शब्दांत लिहून घ्यावे. ‘सांगता येत नाही’ हे उत्तरही नोंदवावे.

मग नेमक्या गोष्टींकडे वळावे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात मुक्त निवडणुका, स्त्री-पुरुषांचे समान हक्क, बेरोजगारांना सरकारी मदत यांच्याबरोबरच ‘सरकार अकार्यक्षम ठरल्यास लष्कराने सत्ता हाती घेणे’ हेही लोकशाहीचे आवश्यक लक्षण वाटते का, असे विचारले गेले आहे. माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण लोकशाहीला मनापासून पाठिंबा देणारी व्यक्ती त्यालाही होकार देत असेल, तर त्या पाठिंब्याचा अर्थ आपल्याला नव्याने लावावा लागतो.

लोकशाहीवरील निष्ठा आणि तिच्या कारभाराबद्दलचे समाधान यांची गल्लत मात्र कधीही करू नये. ‘इतर कोणत्याही राज्यपद्धतीपेक्षा लोकशाही बरी वाटते का?’ आणि ‘आपल्या देशात ती जशी चालते त्यावर तुम्ही समाधानी आहात का?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. असमाधानी माणूस लोकशाहीविरोधी असतोच असे नाही. अनेकदा तिच्याकडून अधिक अपेक्षा असल्यामुळेच तो नाराज असतो. शिवाय ज्यांचा पक्ष निवडणुकीत हरला, त्यांचे समाधान सहसा कमी आढळते, त्यामुळे उत्तर देणाऱ्याचा राजकीय कल ठाऊक असल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

संसद आणि निवडणुकांची पर्वा न करणारा खंबीर नेता कोणाला हवासा वाटला, तर तेथेच न थांबता त्याने तुमच्याविरुद्ध निर्णय घेतल्यास दाद कोठे मागाल, हेही शांतपणे विचारावे.

शेवटी भीतीचा विचार करावा. आफ्रिकेतील अनेक देशांत १९९९ पासून पाहण्या करणारी आफ्रोबॅरोमीटर ही संस्था मुलाखतीच्या अखेरीस ‘आम्हाला कोणी पाठवले असे तुम्हाला वाटते?’ असे विचारत आली आहे. आपणही हा प्रश्न जरूर ठेवावा, आणि ज्यांनी ‘सरकारने’ असे उत्तर दिले, त्यांची मते वेगळी काढून तपासावीत.