कोकणचा खुला नकाशा ओस पडू नये म्हणून गियरला वेसण कशी घालावी

ऑनलाइन रोलप्लेइंग गेममधला खुला नकाशा रिकामा होतो तो बहुतेक वेळा गियरमुळे, म्हणजे खेळाडूच्या अंगावरच्या शस्त्र-चिलखतामुळे. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा तुम्ही खपून उभा करता आणि दुसऱ्या सीझनला, म्हणजे गेमच्या पुढच्या टप्प्याला, सगळे खेळाडू एकाच डंजनच्या (शत्रूंनी भरलेल्या बंदिस्त जागेच्या) दारात रांग लावतात, कारण बाहेरचा प्रत्येक शत्रू एका वारात आडवा होतो. म्हणून नकाशावर पहिला माड लावण्याआधी आकडे ठरवा.

समजा कमाल लेव्हल ४० आहे. तिथे पोचल्यावर मिळणारं गियर १०० गुणांचं, सीझनअखेरचं १६० गुणांचं. म्हणजे दहा-दहाच्या सहा पायऱ्या. दर पायरीला डॅमेज १५ टक्क्यांनी वाढवलं, तर चक्रवाढीने ते २.३ पट होतं. आधी १२ सेकंदांत पडणारा शत्रू आता ५.२ सेकंदांत पडेल, पुढच्या सीझनला तशाच सहा पायऱ्या चढवल्या की सव्वादोन सेकंदांत. पायरी ४ टक्क्यांची ठेवा: हेच आकडे साडेनऊ आणि साडेसात सेकंद येतात. हा नुसत्या हल्ल्याचा हिशोब झाला. बचावही त्याच दराने वाढत असेल, तर दोन्हींचा गुणाकार होतो आणि १५ टक्क्यांच्या पायरीत एकाच सीझनमध्ये खेळाडू पाचपटीहून भारी ठरतो.

कमी पायरीने खेळाडू कंटाळतील ही भीती अनाठायी आहे. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२पासून कमाल लेव्हल ८०वरून हलवलेली नाही, आणि कमी लेव्हलच्या भागात गेलेल्या खेळाडूची ताकद तो गेम आपोआप खाली आणतो. उलटी वाट, म्हणजे खेळाडूच्या गियरप्रमाणे शत्रू बळकट करणं, टाळाच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१७च्या ७.२ पॅचमध्ये ते केलं, तेव्हा अंगावरचं काही गियर उतरवलं की शत्रू सोपे होतात हे खेळाडूंच्या लगेच लक्षात आलं. जिंकून आणलेली तलवार पेटीत ठेवणं फायद्याचं ठरलं, तर गियर मिळवायचं कशाला?

म्हणून खेळाडूला झोनपुरतं खाली आणा, पण त्याची कौशल्यं काढून घेऊ नका. खाली आणल्यावरही उत्तम गियरवाल्याला १० ते १५ टक्के फायदा राहू द्या. फायदा शून्य केला तर तक्रारी येतात, आणि त्या रास्त असतात.

ताकद अशी आवळली की बक्षिसाला दुसरी दिशा लागते. पावसात पांघरायच्या इरल्याला चिलखताचे गुण देऊ नका. पावसात दम कमी होण्याचा वेग तेवढा निम्मा करा. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, तापलेल्या कातळावरून चालायला वेगळ्या वहाणा, खाडीच्या चिखलात वेगळ्या. अशा वस्तू पुढच्या सीझनलाही जुन्या होत नाहीत.

आता नकाशा. कोकणात पट्टी अरुंद आणि खाड्या आडव्या, त्यामुळे दाभोळहून धोपाव्याला जायचं तर फेरीबोट नाहीतर लांबचा वळसा. गेममध्ये तो अडसर तसाच राहू द्या. धक्क्यावर थांबलेले खेळाडूच पुढच्या इव्हेंटला गोळा होतात. उडतं वाहन दिलंत की हे सगळं संपलं.

भरती-ओहोटीचं चक्रही जसंच्या तसं उचला. खऱ्या दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्याचा सहावा भाग, २ तास ४ मिनिटं, हे गेममधलं चक्र. बरोबर २ तासांचं ठेवलंत तर सुकती (ओहोटी) रोज त्याच ठरावीक वेळांना येईल आणि रात्रपाळीवाल्याची ती कायम हुकेल. ४ मिनिटांच्या भरीमुळे वेळा रोज ४८ मिनिटं पुढे सरकतात.

मुख्य सामूहिक इव्हेंट रापणीचा करा, म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून ओढण्याचा. दोन दोर, दोन रांगा, आणि दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहिली तरच जाळं सरळ किनाऱ्याला येतं. इथे गियर मोजायचंच नाही, वेळेवर ओढणं मोजायचं. पहिल्यानंतरच्या प्रत्येक खेळाडूमागे जाळ्याच्या मूळ वजनाच्या ७० टक्के भर घाला: १० जणांना ७.३ पट, ४० जणांना २८.३ पट. नुसते बघे धरले तर ओढणाऱ्यांच्या माथी फुकटचा भार बसतो, म्हणून गेल्या ३० सेकंदांत दोर ओढलेलेच मोजा. कोणी मध्येच निघून गेला तर उरलेलं वजन टक्केवारीने कमी करा, नाहीतर मागे राहिलेल्यांचं जाळं अडकून बसेल. लूट म्हणजे वाटा: किमान सहभाग पूर्ण केलेल्या प्रत्येकाला सारखा. पहिल्या क्रमांकाला जास्त दिलंत की लोक दोर सोडून आपापसात भांडतील. सहापेक्षा कमी खेळाडू असतील तर रापण सुरूच करू नका. तिथे एकट्याने पाग (हाताने फेकायचं छोटं जाळं) टाकायची छोटी क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, द्या.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. गेममध्येही त्या काळात समुद्र बंद करा आणि सगळी वर्दळ चढणीच्या माशांकडे, म्हणजे पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांकडे, आणि ओढ्यांकडे वळवा. बक्षीस त्याच पायऱ्यांतलं, नवी पायरी नाही.

आठवड्याला मिळवता येणाऱ्या बक्षिसाच्या गुणांची मर्यादा साठत जाणारी ठेवा. आठवड्याला ५०० गुण मिळत असतील, तर तीन आठवडे गणपतीला गावी गेलेल्याला परतल्यावर आधीचे १५०० मिळवता आले पाहिजेत.

चाचणीला दोन खाती घ्या, एक १०० गुणांच्या गियरचं आणि दुसरं १६० गुणांच्या. दोघांना एकाच झोनमध्ये अर्धा तास खेळवा आणि मारलेले शत्रू मोजा. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या दीडपटीपुढे गेला, तर शत्रूंचं आरोग्य वाढवत बसू नका. पायरीची टक्केवारी कमी करा.