म्युझियमलाईनला यायचंय? आधी भट्टसालींबद्दल वाचा

म्युझियॉलॉजी (म्हणजे म्युझियम कसं चालवायचं त्याचा अभ्यास) करू का, नोकरी लागते का असं विचारणारे ज्युनियर्स नेहमी भेटतात आणि मी प्रत्येकाला आधी नलिनीकांत भट्टसालींबद्दल सांगते. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

माणूस पूर्व बंगालमधल्या विक्रमपूरचा, जन्म १८८८. इतिहासात एम.ए. केलं, कॉलेजात शिकवलं आणि १९१४ मध्ये ढाका म्युझियमचे क्युरेटर झाले. म्युझियम तेव्हा अगदीच नवीन, वस्तू जेमतेम काहीशे. मग हे स्वतः खेडोपाडी फिरून मूर्ती, नाणी, ताम्रपट गोळा करायला लागले ते १९४७ मध्ये मृत्यू होईपर्यंत, तेही त्याच पोस्टवर. आज ढाक्याच्या राष्ट्रीय म्युझियमचा पाया म्हणजे हाच सगळा संग्रह.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं नाण्यांचं काम. बंगालच्या सुलतानांच्या चांदीच्या टंक्यावर, म्हणजे नाण्यावर, कडेने टांकसाळीचं नाव आणि हिजरी साल असतं, पण चांदी खरी की खोटी बघायला सराफांनी त्यावर छिन्नीचे घाव घातलेले, आणि कितीदा तरी घाव बरोब्बर सालावरच बसलेला. मग उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरून साल लावायचं, दुसऱ्या नाण्याशी ताडून बघायचं, परत पहिल्यावर यायचं. सोनारगावचा फखरुद्दीन मुबारक शाह, इलियास शाह, कोण कधी गादीवर होतं हे त्यांनी असं लावत नेलं आणि १९२२ ला त्याचं पुस्तक आलं. १९२९ ला मूर्तींवरचं आलं, त्यात कुठली मूर्ती कुठल्या गावातून आली तेसुद्धा दिलंय. ते वाचाच.

कारण नोकरीत सुरुवातीला तुमच्या हातात हेच येणार. बहुतेकांना आधी कॉन्ट्रॅक्टवर डॉक्युमेंटेशन मिळतं, म्हणजे माप, फोटो, अ‍ॅक्सेशन नंबर (म्युझियमच्या नोंदवहीतला वस्तूचा क्रमांक) आणि वस्तू सापडली कुठे. ठिकाणाचा रकाना कधीच रिकामा सोडू नका, गावाचं नाव गेलं की त्या मूर्तीचा अर्धा इतिहास गेला.

कोर्स बडोद्याला आहे, कोलकाता युनिव्हर्सिटीत आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा डिप्लोमा पण आहे. कुठलाही करा, पण सोबत एक जुनी लिपी नीट शिका, मोडी, ब्राह्मी, फारसी, जी आवडेल ती. आणि अ‍ॅडमिशनची वाट बघत बसू नका, गावाकडे पाराजवळ वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड) असेल तर आत्ताच त्याचं माप घ्या, फोटो काढा, गाव-तालुका-तारीख लिहून ठेवा.